व्याह्यांच्या गोठ्यातली वीट

रविवार, माघ पौर्णिमेचा दुसरा दिवस. स्थळ: पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाला चिकटून बसलेलं माझ्या लेकीचं सासर. हजर: माझे व्याही, लेकीच्या सासूबाई, लेक आणि मी. गोठ्यात हजर: दोन बैल, तीन गाई आणि सोनी नावाची एक कालवड. गैरहजर: जावई, महाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला. काहीही सांगायचं झालं तर आधी हजेरी घ्यायची, ही माझी सवय पशुखाद्याच्या डेपोत नोकरी करून लागलेली आहे. पोती मोजल्याशिवाय ट्रक सोडायचा नाही, तसंच हे.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून जेवढी म्हणून भीती आहे, ती सगळी एकट्या माझ्या व्याह्यांच्या वाट्याला आली आहे. आणि त्यांनी ती इतकी जपून सांभाळली आहे, की बाकीच्यांना घाबरायला काही उरू नये. स्वतःच्या घरात शिरण्यापूर्वी ते उंबऱ्यावर काठी आपटतात, म्हणजे आत साप असलाच तर त्याला निघून जायला अवधी मिळावा. विजेचं बटण ते कधी बोटानं दाबत नाहीत, लाटण्याच्या टोकानं दाबतात. त्यामुळे लेकीच्या सासूबाई म्हणतात, आमच्याकडं लाटणं चपातीपेक्षा दिव्यालाच जास्त लागतं. एसटीत बसले की पहिल्या घाटवळणाच्या आत उठून कंडक्टरजवळ जातात आणि ड्रायव्हरची झोप नीट झाली आहे का, त्यानं भाकरी खाल्ली आहे का, घरून भांडून तर आला नाही ना, अशी विचारपूस करतात. एकदा कंडक्टरनं त्यांना सांगितलं होतं, "बाबा, त्याची झोप झाली, आता तुमी झोपा." ते झोपले नाहीत. ड्रायव्हरच्या मागे उभे राहून त्याला जांभई येते का बघत बसले, आणि त्यांच्या नुसत्या बघण्यानं ड्रायव्हरला जांभया यायला लागल्या, असं माझा जावई सांगतो. यातलं किती खरं ते त्यालाच माहीत.

आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत, अंगात येणं, कौल लावणं यांना आमच्या घरांतून कधीच रजा मिळालेली आहे. व्याहीसुद्धा भूत मानत नाहीत. पण तिन्हीसांजेला ओढ्याकडच्या वाटेनं जायची वेळ आली, की ते दुसरी, लांबची वाट धरतात. मी एकदा त्यांना यावरून छेडलं. ते शांतपणे म्हणाले, "भूत नाय हे मला ठाव हाय, विहीणबाई. पन ते त्याला ठाव हाय का?"

माझी मुलगी बघायला ते महाडला आले, तेव्हाची गोष्ट. आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. पाहुण्यांनी पोहे खावेत, मुलीला चार प्रश्न विचारावेत, ही रीत. व्याह्यांनी पोह्यांची बशी हातात तशीच धरली आणि विचारलं, तळ्याला पाणी किती आहे, कठडा पक्का आहे का, मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवशी एवढी माणसं येतात तेव्हा ढकलाढकलीत कोणी पडत नाही ना. मी दर वर्षी त्या दिवशी पाणीवाटपाच्या कामात असते, तेव्हा मी त्यांना सगळी व्यवस्था तपशीलवार सांगितली. त्यांनी मान डोलावली. मग मुलीकडे वळून त्यांनी एकच प्रश्न केला: "पोरी, तुला पवता येतं का?" नोकरी नाही, स्वयंपाक नाही, शिक्षण नाही, पोहता येतं का. माझ्या भावाला हसू आवरेना. मी मात्र त्याच क्षणी मनात होकार देऊन टाकला. जो माणूस सून घरात यायच्या आधीच तिच्या बुडण्याची काळजी करतो, त्याच्या घरी मुलगी सुखात राहील, असा माझा सरळ हिशोब होता, आणि तो चुकला नाही.

त्यांच्या एका भीतीला मात्र मी कधी हसले नाही. घरामागच्या उतारावर त्यांनी एक बांबू रोवला आहे आणि त्याला चुन्याचे पट्टे मारले आहेत. आषाढ लागला की सकाळी उठून आधी तो बांबू बघायचा. तो सरळ असेल तर चहा, कलला असेल तर बिऱ्हाड उचलायचं, असा त्यांचा नेम. वाडीतली पोरंटोरं त्याला तात्यांचा खांब म्हणून चिडवतात. पण पाऊस लागून राहिला, की हीच मंडळी दारावरून जाताना सहज विचारल्यासारखं विचारतात, "काठी सरळ हाय ना, तात्या?" आमच्या भागात डोंगर खाली आलेले आहेत. तिथे कोणाच्या भीतीला हसायचं हे आधी विचार करूनच ठरवावं लागतं.

या सगळ्या भीतींच्या वरची त्यांची भीती म्हणजे गुरांची. गुरांना ते भीत नाहीत. गुरांना आपलं काही वाईट वाटेल याला भितात. जनावर मुकं असतं, ते बोलत नाही पण मनात ठेवतं, असं त्यांचं ठाम मत आहे. एका गाईला शिळी भाकरी दिली तर सगळ्यांना तुकडा मिळालाच पाहिजे. तेवढी भाकरी नसेल तर कोणालाच नाही. बैलांना पेंड घातली की गाई बघत असतात, म्हणून गाईंनाही. त्यातल्या त्यात तांबू या म्हाताऱ्या गाईचा त्यांना फार धाक. तिचे दात झिजलेले. ती हळू खाते, आणि बाकीची गुरं आटोपली तरी हिचं चाललेलंच असतं. तोवर व्याही तिच्यासमोर उभे. घाई केली असं तिला वाटायला नको. लेकीच्या सासूबाई एकदा म्हणाल्या, माझ्या पानासमोर हा माणूस कवा असा उभा राह्यला नाय. व्याही म्हणाले, तुला दात हायेत.

तर या तांबूनंच सगळ्याची सुरुवात केली. मार्गशीर्षात एके दिवशी त्यांचा फोन आला. माझ्याशी बोलताना ते उभं राहून बोलतात, असं लेकीनं मला सांगितलेलं आहे. आवाज बारीक झाला होता. तांबू रानातून चरून आली ती तोंडात हाड घेऊन. कुठल्या तरी मेल्या जनावराचं जुनं, पांढरं पडलेलं हाड. ते ती दारात उभी राहून चघळत होती. शेजारी जमले होते. कोणी म्हणत होतं अपशकुन, कोणी म्हणत होतं हिला काहीतरी लागलंय. व्याही अपशकुन मानत नाहीत. त्यांची अडचण वेगळी होती. "गाय हाड खाया लागली," ते म्हणाले, "आता पुढं काय खाईल?"

मी त्यांना समजावलं. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे समजावताना मी जरा जास्तच भरभर बोलते. आपल्या डोंगरावरचं गवत पावसात गुरांना पोसतं, पण दसरा गेला की ते वाळून नुसती काडी उरते. त्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. त्यात प्रथिनं नसतात आणि हाडांना, दुधाला, गाभण राहायला लागणारे क्षारही नसतात. गाय हाड चघळते ती वेडानं नव्हे; जे गवतात नाही ते ती शोधत फिरते. माती चाटते, चिंधी चावते, चामडं मिळालं तर चामडं. हे ऐकताच व्याह्यांनी मला मधेच थांबवलं. मग कळलं, की गेल्या महिन्यात ओट्यावरून व्याह्यांची चप्पल गेली होती, आणि वाडीत चोर शिरलाय या भीतीनं त्यांनी दाराला दुसरी कडी बसवून घेतली होती. चोर गोठ्यातच बांधलेला होता.

पुढच्या रविवारी मी गेले. लेकीच्या सासरी हात हलवत जायचं नसतं. मी पेढ्यांचा खोका नेला आणि पिशवीतून चाटणाच्या चार विटा नेल्या. लेकीच्या सासूबाईंनी पिशवी उचलली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाकीच्यांच्या विहिणी लुगडी आणतात. आमची वीट घेऊन येते." मी विटांची माहिती दिली: गुळाची मळी, पेंडीचा भुगा, मीठ, खनिज मिश्रण, आणि थोडा युरिया. युरिया म्हटल्यावर व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. भाताला टाकतो तोच युरिया? तोच. गुरांना? गुरांना. गवत पचवायला पोटातल्या जिवाणूंना जे लागतं ते त्यातून मिळतं, पण मिळायला हवं थोडं थोडं, जिभेनं, दिवसभर. म्हणून तर त्याची वीट करतात. ती कठीण असते, गाईला ती खाता येत नाही, नुसती चाटता येते. मग मी नियम सांगितले. वीट सावलीत, उंच टांगायची. गवतानं पोट भरल्यावरच जनावराला तिच्याजवळ सोडायचं. लहान वासराला द्यायची नाही. फोडायची नाही, चुरायची नाही, आणि पाण्यात तर कधीच टाकायची नाही. पाण्यातून युरिया एकदम पोटात गेला तर जनावर हातचं जातं. व्याह्यांनी हात जोडून, त्रिशरण म्हणावं तसे ते नियम माझ्यामागून म्हटले. मग म्हणाले, आधी मी चाटणार.

मी नको म्हटलं. ऐकेनात. विटेच्या कोपऱ्याला त्यांनी जीभ लावली, ओट्यावर जाऊन भिंतीला टेकून बसले आणि लेकीच्या सासूबाईंना नाडी बघायला सांगितली. त्यांना नाडी बघता येत नाही. त्यांनी आपला नवऱ्याचा हात धरून ठेवला आणि शेंगा सोलणं एका हातानं चालू ठेवलं. बऱ्याच वेळानं व्याह्यांनी निकाल दिला. "पयली गोड लागते, मागनं खारट. व्याह्यांच्या नात्यावानी हाय." त्यानंतर त्यांनी स्वतः वीट टांगली.

आणि वीट लागू पडली. गुरांच्या अंगावरचे केस बसले, कातडी तकाकायला लागली, बैल उतारावरून न थांबता वर यायला लागले. सोनी तर अशी भरली, की शेजारी तिला गावाबाहेरून आणलेली म्हणायला लागले. हाडं बंद झाली, असं मला सांगण्यात आलं. व्याह्यांचे फोन यायला लागले. पूर्वी ते भीती सांगायला फोन करायचे, आता सुधारणा सांगायला करायचे आणि शेवटी जराशी भीती जोडायचे, म्हणजे सवय मोडायला नको. सोनी फारच चांगली दिसते, दृष्ट लागत नसते हे ठाव हाय, पन लागली तर? अशा धर्तीवर.

एक गोष्ट मात्र ते मला फोनवर सांगत नव्हते. तांबूला वीट चाटता येत नव्हती. जीभ लावायची आणि मागे घ्यायची; वीट तिला फार कठीण लागत असावी. बाकीची गुरं विटेपाशी रांग लावत, आणि ही म्हातारी बाजूला उभी राहून व्याह्यांकडे बघायची. निदान व्याह्यांना तरी वाटायचं, की ती आपल्याकडेच बघते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गुरांना पेंड कोरडी कोणी घालत नाही. शेंगदाण्याची असो, खोबऱ्याची असो, पेंड संध्याकाळी घमेल्यात भिजत घालायची आणि सकाळी ती फुगली, मऊ झाली, की पाणी घालून कालवून ठेवायची. कठीण पेंड दातांना लागते, घशात अडकते, हे आमच्याकडच्या प्रत्येकानं आईबापांकडून ऐकलेलं असतं. हाताला ते इतकं सवयीचं झालेलं असतं, की माणूस त्याचा विचार करत नाही. त्या पौर्णिमेच्या शनिवारी संध्याकाळी व्याह्यांनी रोजच्यासारखी पेंड भिजत घातली. विटेचा खालचा, चाटून पातळ झालेला तुकडा निखळून पडला होता. तो त्यांनी उचलला, तांबूकडे बघितलं, आणि तो त्याच घमेल्यात टाकला. म्हातारीच्या दातांना मऊ व्हावा म्हणून. सकाळी ते कालवलेलं पाणी एकट्या तांबूला घालायला त्यांचा हात धजेना. सगळी गुरं बघत होती. मग त्यात आणखी पाणी घालून त्यांनी ते सगळ्यांत वाटलं. रानात सोडायच्या आधी, उपाशी पोटी.

मी पोचले तेव्हा चहा उकळत होता. सुरुवातीला मी हजेरी घेतली ती याच वेळची. कप हातात घेतला आणि गोठ्यातून असा आवाज आला, की कप कुठं ठेवला ते मला आजही आठवत नाही. सोनी हंबरत नव्हती, ओरडत होती. आम्ही धावलो. तिचे कान फडफडत होते, सगळ्या अंगाला कापरं भरलं होतं, तोंडाला फेस होता. थोरला बैल मागच्या पायानं स्वतःच्याच पोटाला लाथा मारत होता. चांदी ही गाय मान भिंतीला घासत गोल फिरत होती आणि तिचं पोट डाव्या अंगाला फुगत चाललेलं डोळ्यांना दिसत होतं.

लेकीच्या सासूबाई म्हणाल्या, साप. लेक गव्हाणीखाली बघायला वाकली, तिला मी मागे ओढलं. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते महाडच्या बाजूला नाते गावात दुसऱ्या कामावर होते. त्यांनी एकच विचारलं, सकाळपासून पोटात काय गेलं? मी फोन कानाला तसाच धरून वळले आणि तोच प्रश्न विचारला. सासूबाई म्हणाल्या, काय नाय, रोजचंच. रोजची पेंड.

व्याही दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला माझ्या आयुष्यात वाटली नसेल एवढी भीती वाटली; कारण त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर होतं आणि ते बाहेर येत नव्हतं. या माणसाला बायकोच्या बोलण्याची भीती, सुनेपुढे मान खाली जाण्याची भीती, आणि माझी तर सोयरीक झाल्यापासूनची भीती. त्यांनी नुसती मान हलवली असती, "काय नाय" म्हटलं असतं, तरी कोणाला कळलं नसतं. साप म्हणून आम्ही साप शोधत बसलो असतो. सोनी गुडघ्यांवर आली.

"मी दिली," व्याही म्हणाले. "वीट. पेंडीत भिजवून दिली. सगळ्यांना. मीच."

लेकीच्या सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. बोलायला वेळ नव्हता. मी ते शब्द जसेच्या तसे फोनमध्ये सांगितले. डॉक्टर म्हणाले, निघतोच, पण मी पोचेपर्यंत थांबू नका. थंड पाणी पाजा, जितकं जाईल तितकं, आणि त्यात व्हिनेगर. सिरका. भरपूर लागेल. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात काही ओतू नका.

सिरका. डोंगरावरच्या वाडीत. माझ्या डेपोत तो नाही, पोलादपूरच्या किराणा दुकानात असला तर एखादी बाटली. मला काही सुचेना. डेपोत मी एका वेळी चार गाड्यांचं वाटप तोंडपाठ सांगते, आणि इथे मला दोन वस्तूंची यादी होत नव्हती. सुचलं ते लेकीला. फाट्यावर चायनीजची गाडी लावतात त्या चाचांना तिनं फोन केला. चाचा बरीच वर्षं आखातात आचारी होते, आता घरी परत येऊन गाडी लावतात. त्यांनी सवयीनं विचारलं, किती प्लेट? लेक म्हणाली, "प्लेट नको चाचा. व्हिनेगर पाहिजे. असेल तेवढं. गुरं चाललीत." चाचांनी पुढे एक शब्द विचारला नाही.

ते येईपर्यंत पाणी. लेकीच्या सासूबाई माळ्यावरून कोकमाच्या आगळाची बरणी घेऊन उतरल्या. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आंबट आहे ना, काही नसण्यापेक्षा बरं, पाण्यात घाला. मग व्याह्यांनी बांबूचं नळकांडं घेतलं. भीतीनं त्यांच्या हातातलं नळकांडं बैलाच्या दातांवर खडखड वाजत होतं. ही भीती कमी झाली नाही. काम संपेपर्यंत ती खडखड चालूच होती. पण ते थांबले नाहीत. लेक बैलाची वेसण धरून, मी बादली घेऊन, आणि व्याही एकेका जनावराच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटत: "पी रे राजा. आंबट हाय, पन पी. पी गो चांदे, चूक माजी हाय, तू पी."

सोनीला गिळता येत नव्हतं. व्याही तिच्यापाशी नळकांडं घेऊन गेले आणि मी त्यांचा हात धरला. डॉक्टरांचं बोलणं मी त्यांनाही सांगितलं होतं. ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि दुसऱ्या गाईकडे वळले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एकाला दिलं आणि एकाला दिलं नाही.

चाचा स्कूटरवर आले, दोन पायांमध्ये पांढरा कॅन आणि पिशवीत बाटल्या. सोया सॉसचे डाग पडलेला ॲप्रन तसाच अंगावर. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बैलाचं तोंड असं उघडून धरलं, की जणू रोजचंच काम. गोठ्यात त्या आंबट वासानं डोळ्यांना पाणी येत होतं, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांना कशानं पाणी आलंय हे कोणी कोणाला विचारलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी थोरल्या बैलाच्या कुशीत सुई घालून हवा सोडली, इंजेक्शनं दिली, आणि मग आम्ही वाट बघत उभे राहिलो. बैलाचं कापरं थांबतंय असं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. दुपार कलली तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि शेण टाकलं. डॉक्टर म्हणाले, हा वाचला. शेणाकडे बघून एवढा आनंद झालेली माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

दोन्ही बैल वाचले, तिन्ही गाई वाचल्या. तांबूला तर काही झालंच नव्हतं. जिच्या दातांसाठी हे सगळं घडलं, तिनं त्या घमेल्याला वास घेऊन तोंडच लावलं नव्हतं. सोनी मात्र डॉक्टर पोचायच्या आधीच गेली.

संध्याकाळी वाडीतली माणसं जमली. बातमी तोवर वाडीभर फिरली होती, आणि फिरताना तिचा आकार बदलला होता. डेपोवाल्या विहिणीनं आणलेल्या विटेनं कालवड मेली, असं एक जण बाहेर म्हणाला. फार मोठ्यानं म्हणाला नाही, पण मला ऐकू आलं, आणि मला दिसलं ते एवढंच: आता हे प्रत्येक वाडीत जाईल, लोक विटा फेकून देतील, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गुरं हाडं चघळत फिरतील. चार माणसांत उभं राहायची वेळ आली की व्याही खांबाआड उभे राहतात. त्या दिवशी ते ओट्याच्या कडेवर आले.

"विटेनं नाय," ते म्हणाले. "वीट बरी हाय. पान्यात टाकू नको असं मला सांगितलं हुतं. माज्या हातानं मेली."

आणि आत जाऊन बसले.

त्यानंतर मला त्यांचा फोन नाही. मीच लेकीला फोन करते. ती सांगते, उरलेल्या विटा त्यांनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. टाकल्या नाहीत, टांगल्याही नाहीत. डोंगरावरचं गवत आता मुळापर्यंत वाळलं आहे. बैल वर येताना मधेच थांबतात. चांदी परवा तोंडात हाड घेऊन आली, आणि व्याह्यांनी ते बाहेर काढलं तेव्हा तिच्या हिरडीतून रक्त आलं. अशानं हाड घशात अडकतं हे मला माहीत आहे. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या वाडीतून डेपोत असा फोन येतो.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी लेकीच्या फोनवर त्यांचा आवाज ऐकला. ते स्वतः बोलले नाहीत, मागून तिला सांगत होते, आणि तिनं फोन त्यांच्या तोंडाशी नेला असावा. "तिला सांग, येऊन टांग म्हनावं. माज्या हातानं नको. ती टांगेल तर मी खाली उभा राहून बगतो."

मी हो म्हटलं. पहिल्या रविवारी डेपोत साठा तपासायचा होता, तो तपासला. दुसऱ्या रविवारी भाचीचं लग्न होतं. त्या मधल्या दिवसांत मी किती तरी वाड्यांत विटा पोचवल्या, नियम सांगितले, पाण्याचा नियम सगळ्यांत आधी सांगितला, आणि कुठेही माझा आवाज हलला नाही. पण त्या गोठ्यात हात वर करून वीट बांधायची, आणि खाली तो माणूस मान वर करून उभा असणार, हे डोळ्यांसमोर आणलं, की माझी बोटं दोरी धरायला तयार होत नाहीत. उद्या रविवार आहे. पोलादपूरची पहिली गाडी मला माहीत आहे. नवी सुतळी पर्समध्ये घालून ठेवली आहे. वीट अजून टांगायची आहे.